अर्ध्या वाटेवरून परतलेली गाडी

दिवाळी जवळ येऊ लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत प्रवासाचे प्रश्न वाढतात. या अंकासाठी चार पत्रे निवडली आहेत. निवृत्तीनंतर व्हॅनमध्ये राहून दीर्घकाळ फिरायचे, असे चौघांनीही मनाशी धरले होते आणि चौघांच्याही वाटेत काहीतरी आडवे आले. उत्तरे देणारी मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून माझे यजमान एस.टी.च्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. गेली सहा वर्षे आम्ही दोघे सोलापुरातून व्हॅनने बाहेर पडतो. खाली जे लिहिले आहे, त्यातील बरेचसे आम्ही आधी चुकून मग शिकलो आहोत.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा असून वीज खात्यातून निवृत्त झालो आहे. दोन वर्षांपूर्वी नऊ वर्षे वापरलेली व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतली. कन्याकुमारीपर्यंत जाऊन पूर्व किनाऱ्याने परतायचे, असा सहा महिन्यांचा बेत होता. एकोणिसाव्या दिवशी होस्पेटच्या पुढे गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीची वाट पाहत अकरा दिवस लॉजवर काढले, तेथे पत्नी न्हाणीघरात घसरली आणि तिचे मनगट मोडले. शेवटी गाडी ट्रकवर चढवून घरी आणली. मुले म्हणतात, हौस झाली, आता विकून टाका. गाडी दारात उभी आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही. काय करावे? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आपले मूळ पत्र पाच पानांचे आहे आणि ते मी दोनदा वाचले. त्यात गिअरबॉक्सबद्दल दीड पान आहे, मुलांच्या बोलण्याबद्दल एक पान आहे, खर्चाचा तपशील आहे. परंतु ज्यांचे मनगट मोडले, त्यांना पुन्हा निघावेसे वाटते की नाही, याबद्दल एक ओळही नाही. गाडी विकण्याचा किंवा ठेवण्याचा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय होऊ शकत नाही, आणि विचारण्याची वेळसुद्धा हात दुखत असताना नव्हे. प्लास्टर निघू द्यावे, हाताचे व्यायाम होऊ द्यावेत, त्यांना स्वतःची वेणी स्वतः घालता येऊ द्यावी. तोपर्यंत गाडीचा विषय घरात काढू नये.

दरम्यान एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकू नये. साठीच्या आसपासच्या स्त्रीचे मनगट उभ्या उभ्या घसरून मोडले, तर हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. डॉक्टरांना हाडांच्या घनतेच्या तपासणीबद्दल आणि ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल अवश्य विचारावे. हाडे ठिसूळ निघाली तर त्यावर औषधे आहेत, आणि पुढच्या वेळी मोडणारे हाड मांडीचे असू नये, यासाठी ती वेळेवर सुरू व्हावी लागतात.

आता गाडीकडे वळते. गिअरबॉक्स का गेला, हे दुरुस्ती करणाऱ्याने आपल्याला सांगितलेले दिसत नाही, पण आपण गाडीत काय काय बसवले याची यादी दिली आहे, आणि ती यादी वाचून माझे यजमान पहिल्यांदा म्हणाले, “ही गाडी काट्यावर घातली होती का?” प्लायवूडचा पलंग, खाली कप्पे, शंभर लिटरची टाकी, दोन बॅटऱ्या. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे टाकी भरली की एक क्विंटल पाणी मागच्या चाकांवर बसते. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वजन ओढावे लागले की क्लच, गिअरबॉक्सचे बेअरिंग, स्प्रिंगा आणि घाट उतरताना ब्रेक, या सगळ्यांवर ताण येतो; त्यात जुन्या सीलमधून ऑइल थेंबथेंब गळत असेल तर गिअरबॉक्स आधी कण्हतो आणि मग एक दिवस बसतो. आम्हीही हेच केले होते. मार्केट यार्डाकडे कांद्याच्या ट्रकच्या रांगेत उभे राहून आम्ही आमची भरलेली गाडी भुईकाट्यावर चढवली, तेव्हा आर.सी. बुकात लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा ती १८० किलोने जास्त भरली. मी त्या काट्याच्या पावतीकडे बघतच राहिले. त्याच आठवड्यात प्लायवूडचा पलंग काढला आणि हलक्या लोखंडी चौकटीवर नवार विणून घेतली, टाकी चाळीस लिटरची केली, आणि अर्धी भांडी परत घरातल्या फळीवर गेली. आज आमच्या गाडीत दोन पातेली, एक तवा, एक कुकर आणि कडक भाकरीचा पत्र्याचा डबा एवढेच असते. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असली की रोज शेगडी पेटवण्याची गरज पडत नाही, हे सोलापूरकरांना मी वेगळे सांगायला नको.

आपणही गाडी दुरुस्त झाल्यावर, पाणी, सामान आणि दोघांसह, एकदा काट्यावर घालावी. टायरही पाहावेत. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शाबूत दिसली तरी इतके जुने रबर कडक होऊन चिरते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यातील डांबरावर ते फुटू शकते.

तिसरी गोष्ट बेताची. सहा महिन्यांची एकच फेरी हा बेत मला मुळातच पटत नाही, कारण अशा बेतात मध्येच परतणे म्हणजे हार, असे आपोआप ठरून जाते. सोलापूरकरांना तर तशी गरजही नाही. आपल्या गावात दोन मोठे राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना भेटतात. ६५ क्रमांकाचा रस्ता पुण्याहून येतो आणि हैदराबाद, विजयवाडा करीत मछलीपट्टणला बंगालच्या उपसागरापाशी संपतो. ५२ क्रमांकाचा रस्ता दक्षिणेला विजापूर, हुबळीवरून अंकोल्याला अरबी समुद्रापाशी उतरतो आणि उत्तरेला तुळजापूर, बीड, धुळे, इंदूर, जयपूर असा थेट पंजाबातील संगरूरपर्यंत जातो. दोन्ही समुद्र आणि उत्तरेचा मुलूख आपल्या वेशीपासून एकेका रस्त्यावर असताना, सहा-सात आठवड्यांच्या फेऱ्या करून दर फेरीनंतर घरी येणे सहज शक्य आहे.

आमचे वर्ष आता असे ठरून गेले आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन निघायचे आणि सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या आत परतायचे. संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वेळी मी सोलापुराबाहेर राहू शकत नाही. यात्रा झाली की पुन्हा निघायचे आणि पाडव्यापर्यंत घरी यायचे. पाडव्यानंतर पत्र्याच्या गाडीत दिवसा बसवत नाही, म्हणून उन्हाळ्यात गाडीची कामे उरकायची. पावसाळ्यात गाडी उभी राहते, तेव्हा बॅटरीची तार सोडून ठेवायची आणि आत अन्नाचा कणही ठेवायचा नाही. एका पावसाळ्यात उंदरांनी आमचे वायरिंग कुरतडले होते आणि ऐन दिवाळीनंतर तीन आठवडे निघता आले नव्हते.

उंदरांचे विघ्न तसे लहानच होते. तीन वर्षांपूर्वी चित्रदुर्गच्या अलीकडे गाडी चालवताना यजमानांच्या छातीत कळ आली. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि किल्ली माझ्या हातात दिली. कपाळावरचा घाम मानेपर्यंत ओघळत होता आणि ते मला सांगत होते की दिवे चालू ठेव, मागून येणाऱ्यांना गाडी दिसली पाहिजे. मी १०८ ला फोन केला. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. दहा दिवसांनी आम्ही रेल्वेने सोलापूरला आलो आणि भाच्याने जाऊन गाडी आणली. त्यानंतर चार महिने मीसुद्धा आपल्यासारखीच त्या गाडीकडे पाहणे टाळत होते, आणि शेजारणींनी काय काय सुनावले ते येथे लिहीत नाही.

मग डॉक्टरांनी गाडी चालवण्यास मोकळीक दिली, तेव्हा आम्ही कन्याकुमारीचे नाव काढले नाही. फक्त तुळजापूरला गेलो, पंचेचाळीस किलोमीटर. देवीचे दर्शन घेतले, परवानगी काढून एका धर्मशाळेच्या आवारात गाडी लावली, मागच्या काचेवर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून अडकवली आणि रात्रभर गाडीत झोपलो. मी तीनदा उठून त्यांचा श्वास ऐकला. सकाळी चहा करून घरी परत आलो. पंधरा दिवसांनी अक्कलकोट, मग पंढरपूर, मग दोन रात्रींसाठी गाणगापूर. पाचव्या फेरीला बीदरच्या नानक झिरा गुरुद्वारापर्यंत गेलो, आणि तेथे रात्री मी एकदाही उठले नाही, हे माझ्या सकाळी लक्षात आले. आपल्या पत्नीने होकार दिला तर आपणही याच क्रमाने जावे. दिवसाला दीडशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये आणि दुपारी चारनंतर मुक्काम शोधण्यापलीकडे गाडी चालवू नये. दाराशी हात धरायला दांडी आणि रुंद पायरी बसवावी. न्हाणीघर कोणाचेही असो, खाली टाकायला रबरी चटई बरोबर ठेवावी. त्यांचा नकार आला, तर मात्र गाडी दुरुस्त करून, चांगल्या किमतीला, मनात काही न ठेवता विकावी.

प्रश्न : मला १४ वर्षांपासून मधुमेह असून दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेतो. वय ७१. मार्च महिन्यात व्हॅनने फिरत असताना इन्सुलिन गाडीच्या पुढच्या कप्प्यात राहिले. ते निकामी झाले असावे, कारण नेहमीचा डोस घेऊनही साखर चढत गेली आणि परगावी तीन दिवस रुग्णालयात राहावे लागले. घरातून आता परवानगी मिळत नाही. (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : घरच्यांची भीती रास्त आहे, पण तिचे कारण दूर करता येण्यासारखे आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, मात्र ते तापमान २५ ते ३० अंशांच्या वर जाऊ नये; नेमका आकडा आपल्या खोक्यावर छापलेला असतो, तोच प्रमाण मानावा. उन्हात उभ्या गाडीचा पुढचा कप्पा याच्या कितीतरी पुढे तापतो. इन्सुलिन एकदा गोठले तरी ते टाकूनच द्यावे लागते, म्हणून बर्फाला चिकटवूनही ठेवू नये.

बारा व्होल्टवर चालणारा लहान कॉम्प्रेसरचा फ्रिज हा सर्वांत खात्रीचा मार्ग. त्याला गाडीच्या मुख्य बॅटरीवर न जोडता वेगळी बॅटरी द्यावी, नाहीतर सकाळी गाडी सुरू होणार नाही. साध्या लेड-अॅसिड बॅटरीची निम्मीच क्षमता वापरावी, म्हणजे ती टिकते. फ्रिज बंद पडला तर काय, याचीही तयारी हवी. बाष्पीभवनाने थंड राहणाऱ्या, पाण्यात भिजवून वापरायच्या पिशव्या मिळतात. त्या माठाच्याच तत्त्वावर चालतात आणि वापरातील पेनसाठी उपयोगी पडतात. दमट किनारपट्टीवर मात्र त्यांचा प्रभाव कमी होतो, कारण तेथे पाणी लवकर उडत नाही. आपला साठा दोन ठिकाणी विभागून ठेवावा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव ठळक लिहून घ्यावे, कारण परराज्यात तीच कंपनी मिळेल असे नाही.

आपण स्वतः गाडी चालवत असाल तर साखर उतरण्याचा धोका चढण्यापेक्षा मोठा समजावा. निघण्यापूर्वी आणि दर दोन तासांनी साखर तपासावी. घाम, थरथर किंवा डोळ्यांपुढे अंधुकपणा जाणवताच गाडी थांबवावी, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास स्टिअरिंगला हात लावू नये. भूक नाही म्हणून जेवण पुढे ढकलणे आपल्याला परवडणारे नाही.

आणखी एक. आपले वय ७१ आहे. वयाची सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना, उत्पन्न कितीही असले तरी, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली आहे, आणि योजनेत सहभागी असलेल्या राज्यांतील सूचीबद्ध रुग्णालयांत ती परगावीही चालते. कार्ड काढले नसेल तर निघण्यापूर्वी काढावे. आपल्याबरोबर घरातील कोणी नाखुशीने येणार असेल, तर त्यांच्या हातात हे कार्ड, औषधांची यादी आणि डॉक्टरांचा नंबर एका पाकिटात द्यावा. काय करायचे हे माहीत असले की भीती अर्ध्यावर येते, हे मी चित्रदुर्गच्या रस्त्यावर अनुभवले आहे; त्या दिवशी माझ्याकडे असे पाकीट नव्हते.

प्रश्न : मुलाच्या व्यवसायात खोट आल्याने आमची बरीच बचत गेली. राहते घर विकून, काही रक्कम मुलाला देऊन, उरलेल्या पैशांत चांगली नवी व्हॅन घ्यावी आणि त्यातच राहावे, असे आम्ही दोघे म्हणतो. आपले मत? (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : घर विकू नये. दोघांपैकी एकाला महिनाभर अंथरुणावर पडावे लागले, तर व्हॅनमध्ये ते शक्य होत नाही, आणि त्या क्षणी भाड्याचे घर शोधण्याचे बळ कोणाकडेच नसते. फिरायचे असेल तर आहे ती मोटार आणि भक्तनिवास पुरेसे आहेत. पंढरपूर, शेगाव, अक्कलकोट येथे स्वच्छ खोल्या मिळतात, आणि गुरुद्वारांतही प्रवाशाला आसरा मिळतो. घराची एखादी खोली भाड्याने देता आली तर त्या पैशांतून वर्षातील दोन फेऱ्यांचे इंधन निघू शकते. मुलाला मदत करावी की नाही, हा आपला प्रश्न आहे, पण छप्पर विकून करू नये एवढे मी आग्रहाने सांगते.

प्रश्न : माझे पती गेल्या आषाढात वारले. आम्ही दोघांनी मिळून व्हॅन तयार करून घेतली होती, एकही मोठा प्रवास झाला नाही. मी ६१ वर्षांची आहे. मला मोटार चालवता येते, परवाना आहे, पण गेली पाच-सहा वर्षे गाडी तेच चालवत. माझी धाकटी बहीण बरोबर यायला तयार आहे. दीर म्हणतात, दोन बायकांनी असे फिरणे बरे दिसत नाही. मी वेडेपणा करते आहे का? (एक वाचक, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : ताई, आपण वेडेपणा करीत नाही. आपले पत्र आले त्या दिवशी मी दुसरे कोणतेही पत्र उघडले नाही.

आधी कागद पाहू, कारण ते थांबत नाहीत. मालकाच्या निधनानंतर वारसाला वाहन तीन महिने वापरता येते, पण त्यासाठी निधनाची व वाहन वापरण्याच्या इराद्याची माहिती तीस दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला देणे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करून वाहन आपल्या नावावर करून घेणे अपेक्षित असते. ही मुदत उलटून गेली आहे, म्हणून गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी मृत्यूचा दाखला, आर.सी. बुक, विमा आणि इतर वारसांची ना-हरकत घेऊन कार्यालयात जावे. उशीर झाला म्हणून काम होत नाही असे नाही. विमा कंपनीलाही कळवून पॉलिसी आपल्या नावावर करावी. व्हॅनमधील आसने काढून पलंग केला असेल, तर आर.सी. बुकातील आसनसंख्या आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडतो. हा बदल मंजूर करून घेतलेला नसेल तर तेही याच वेळी मार्गी लावावे, कारण अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके हेच विचारते.

आपला परवाना कधी संपतो, ते आज पाहावे. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल तर चाचणी पुन्हा द्यावी लागते, आणि मुदत संपलेल्या परवान्यावर एक दिवसही गाडी चालवता येत नाही. परवाना चालू असला तरीही मी आपल्याला ड्रायव्हिंग स्कूलचे दहा तास घ्यायला सांगेन. मोटारीपेक्षा व्हॅन उंच आणि लांब असते, मागचे दिसत नाही, वळताना मागचे चाक आत येते. पहाटे मोकळ्या रस्त्यावर, बहिणीला खाली उभे करून, गाडी मागे घेण्याचा सराव करावा. यजमानांच्या आजारपणानंतर मी साठाव्या वर्षी हे शिकले. माझ्या हातून पहिल्याच आठवड्यात आमच्याच फाटकाचा खांब वाकला; तो अजून तसाच आहे.

मुक्कामाचे नियम दोघींनी घरीच ठरवून घ्यावेत. ऊन असतानाच थांबावे. पेट्रोल पंप, धर्मशाळा किंवा गुरुद्वारा, जेथे रात्री दिवा आणि माणूस असेल तेथेच, परवानगी विचारून. आणि गाडीचे तोंड बाहेरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे निघायचे झाल्यास मागे घ्यावी लागत नाही. जागा आवडली नाही असे दोघींपैकी एकीला वाटले, की कारण न विचारता पुढे जावे. निघताना आणि पोहोचताना एकाच माणसाला फोन करावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३, हे दोन्ही गाडीत डोळ्यांसमोर चिकटवावेत. झोपण्यापूर्वी गॅसच्या टाकीचा कॉक बंद करावा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली, नेमका अंथरुणाच्या पातळीला साचतो. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दिरांच्या बोलण्याला उत्तर देण्याची गरज मला वाटत नाही. त्यांना एक काम सांगावे. आपण निघाल्यावर रोज संध्याकाळी फोन ज्याला करायचा, तो माणूस त्यांनी व्हावे. आमच्या घरातील सर्वांत मोठ्या विरोधकाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, आम्ही हेच काम दिले. आता फोनला दहा मिनिटे उशीर झाला तर तेच आधी करतात, आणि मुक्काम कोठे आहे हे नकाशावर शोधून तिथल्या जेवणाबद्दल विचारतात.

आपण लिहिले आहे की गाडीतील कप्पे आपल्या यजमानांनी स्वतःच्या हाताने रंगवले आणि एका कप्प्याचे दार नीट बसत नाही. ते दार बसवून घेण्याची घाई करू नये. पहिल्या फेरीत ते वाजेल, तेव्हा त्याला दोरी बांधावी.